टेम्पोवरचं कलम, सुपरमार्केटमधली कुंडी आणि नर्सरी: कुठून काय घ्यावं?

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. नव्या घराला मोठी गच्ची आहे, शिवाय मुळशीकडे वडिलांची दहा गुंठे जागा आहे. जवळच्या सुपरमार्केटच्या दारात सवलतीत कुंड्या मिळतात, चौकात टेम्पोवर ‘बारमाही हापूस’ दीडशे रुपयांना मिळतो आणि नर्सरीवाला साध्या हापूसच्या कलमाचे चारशेच्या वर सांगतो. त्या विचारतात, “फरक खरंच झाडात आहे की फक्त दुकानात? आणि टेम्पोवरून एक आंबा आधीच आणला आहे, त्याचं आता काय करू?”

ताई, फरक झाडात आहे, पण सगळ्या झाडांत नाही. कुठलंही रोप घेताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे झाड सांगितलं ते नसेल, तर मला ते किती दिवसांनी कळेल? झेंडूचं रोप पिवळं म्हणून घेतलं आणि केशरी निघालं, तर महिन्याभरात कळतं आणि वीस-तीस रुपयांत विषय संपतो. आंब्याचं पाच वर्षांनी कळतं, नारळाचं सहा-सात वर्षांनी. तोवर तुम्ही जागा, पाणी, खत आणि आयुष्यातली वर्षं त्यावर घातलेली असतात. म्हणून जे झाड आपलं खरं रूप उशिरा दाखवतं, ते ज्याचा पत्ता आहे, ज्याच्याकडे मातृवृक्ष, म्हणजे कलमं ज्यावरून करतात ते मूळ झाड आहे, त्याच्याकडूनच घ्यावं, आणि जे लगेच दाखवतं ते जिथे स्वस्त आणि ताजं मिळेल तिथे बिनधास्त घ्यावं.

आधी स्वस्तातलं बोलू, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. थंडीतली हंगामी फुलं म्हणजे पिटुनिया, डायंथस, अॅस्टर, झेंडू. घरातली मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड. आणि तुळस, गवती चहा, पुदिना, कढीपत्ता. ही सुपरमार्केटमधून किंवा हातगाडीवरून घ्यायला काहीही हरकत नाही. फक्त माल कोणत्या दिवशी उतरतो ते तिथल्या माणसाला विचारा आणि त्याच दिवशी जा. दुकानात उजेड कमी, एसीची कोरडी हवा, आणि पाणी कधी दोनदा तर कधी चार दिवस नाही. ज्या दिवशी उतरलं त्या दिवशीचं रोप आणि आठवड्यानंतरचं रोप ही दोन वेगळी रोपं असतात. मिटलेल्या कळ्या जास्त असलेली कुंडी उचला, पूर्ण फुललेली नको. पूर्ण फुललेली डोळ्यांना सुखावते, पण तिचा बहार दुकानातच निम्मा सरलेला असतो.

फुललेली शेवंती आणि डिसेंबरमधली लाल पॉइनसेटिया यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. या दोन्ही झाडांना फूल धरायला लांब रात्र लागते. व्यापारी शेडमध्ये काळा कागद ओढून ती रात्र कृत्रिमरीत्या देतात आणि झाड बुटकं, गोल राहावं म्हणून वाढ रोखणारं औषधही बरेचदा वापरतात. घरी आणल्यावर औषधाचा अंमल उतरतो, फांद्या लांबतात, आणि बाल्कनीत रात्री दिवा जळत असेल तर पुढच्या वर्षी फूल येत नाही. मग लोक म्हणतात, झाड खराब दिलं. झाड खराब नसतं. दोन महिन्यांच्या शोभेसाठी घेतलं असं समजून घ्या. टिकवायचंच असेल तर बहारानंतर अर्ध्यावर छाटा आणि पावसाळ्यानंतर रात्री पूर्ण अंधार मिळेल अशा जागी ठेवा.

निवडुंगाच्या कुंड्यांकडे मात्र डोळसपणे पाहा. डोक्यावर लाल किंवा पिवळा गोळा असलेला जो छोटा निवडुंग मिळतो, तो दोन झाडांचा जोड आहे: खाली ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा हिरवा खुंट आणि वर हरितद्रव्य नसलेला रंगीत गोळा. तो गोळा स्वतःचं अन्न करूच शकत नाही, खुंटाच्या जिवावर काही वर्षं जगतो. काही ठिकाणी चक्क रंग फवारलेले सक्युलंट आणि गोंदाने चिकटवलेली सुकी फुलं असतात. फुलाला बोटाने हलकेच ढकलून पाहा. निळ्या गुलाबाचं रोप किंवा बी ऑनलाइन कुणी विकत असेल, तर तिकडे वळूच नका. बागेत खरा निळा फुलणारा गुलाब आजवर कुणाकडे नाही.

आता टेम्पोवरच्या मालाकडे येऊ. आपल्याकडे स्वस्तात येणाऱ्या रोपांपैकी बराच माल आंध्र प्रदेशातल्या कडियमहून येतो. राजमहेंद्रवरमजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या या भागात रोपवाटिकांचं मोठं जाळं आहे आणि तिथले लोक कामात तरबेज आहेत. ट्रकमधून शेकडो किलोमीटर जाताना मुळांभोवतीचा गोळा फुटू नये म्हणून रोप चिकण मातीत बसवलेलं असतं. प्रवासासाठी ते बरोबरच आहे. अडचण तुमच्या कुंडीत होते. तुम्ही कोकोपीट आणि गांडूळखताचं भुसभुशीत मिश्रण भरता, मधोमध हा कडक गोळा बसवता, आणि पाणी गोळ्याच्या बाजूने निथळून जातं. वरची माती ओली दिसते, आतली मुळं कोरडी राहतात. पावसाळ्यात उलट होतं: गोळा भिजला की आठवडाभर वाळत नाही आणि मुळं कुजतात. ‘नर्सरीत छान होतं, घरी आणलं आणि मेलं’ या तक्रारीत मला सर्वात जास्त वेळा हाच गोळा सापडतो. जास्वंद, तगर, कण्हेर, क्रोटन अशा चिवट झाडांचा गोळा बादलीत अर्धा तास भिजवून बाहेरची तिसरा हिस्सा माती हलक्या हाताने धुऊन काढा, मग लावा आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. आंबा, चिकू, सोनचाफा यांचा गोळा फोडू नका. त्यांच्यासाठी कुंडीतलंच मिश्रण थोडं जड ठेवा, लाल माती जास्त घाला, म्हणजे आतली आणि बाहेरची माती सारखं पाणी धरेल.

लगेच रूप दाखवणारी आणि वर्षांनी दाखवणारी, या दोन टोकांच्या मधला गुलाब आहे. चांगला गुलाब म्हणजे जंगली खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या झाडावर, भरलेला चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे सालीसकट बसवलेला अंकुर. घेताना डोळा भरलेली जागा शोधा: बुंध्याजवळ एक फुगीर सांधा आणि तिथून निघालेली फांदी. प्लास्टिकची पट्टी अजून आवळलेली असेल तर घरी आल्या आल्या कापून काढा, नाहीतर फांदी जाड होताना ती गळ्याला बसते. सांध्याच्या खालून लांब, लवचिक फूट निघत असेल तर ती खुंटाची आहे, मुळापासून ओढून काढा. ‘सात पानांची फांदी जंगली, पाच पानांची चांगली’ हा नियम भरवशाचा नाही. चांगल्या गुलाबालाही सात पानं येतात, आणि सांध्याच्या वरून निघालेला जाड तांबूस फुटवा म्हणजे तर पुढच्या वर्षीची फुलं. तो लोक जंगली समजून कापतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. टेम्पोवर हा सांधा दिसला आणि पानाखाली लाल कोळी ही कीड नसली तर गुलाब घ्या. नाव मात्र विक्रेता सांगेल ते खरं धरू नका, जे फूल समोर दिसतंय तेच घेतलं असं माना.

खरा पैसा आणि खरी वर्षं फळझाडात जातात, म्हणून इथे मी अजिबात तडजोड करत नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला असतो. त्यामुळे हापूसची कोय रुजवली तर हापूस येत नाही, कुठलातरी नवा आंबा येतो, आणि तोही सात ते दहा वर्षांनी. केरळच्या किनाऱ्यावरच्या ओलूरसारख्या काही जाती बहुगर्भी आहेत, त्यांची रोपं आईसारखी निघतात. हापूस, केसर, पायरी तशा नाहीत. म्हणून कलमच हवं. कोकणात पूर्वी भेट कलम चालायचं, आता बहुतेक कोय कलम (नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या रोपावर) आणि मृदकाष्ठ कलम (खुंटाच्या कोवळ्या फुटीवर) होतं. कलमाचं मोल खुंटात कमी आणि वर भरलेल्या काडीत, म्हणजे जोडलेल्या फांदीच्या तुकड्यात, जास्त. ती काडी नियमित फळ देणाऱ्या, फळ चाखलेल्या झाडाची असेल तर चारशे रुपये कमीच आहेत. कुठल्याही झाडाची असेल तर दीडशेही जास्त.

टेम्पोवर छोट्या पिशवीत कैरी लटकलेलं कलम दाखवतात आणि लोक भुलतात. त्यात जादू नाही. काडी मोठ्या, फळावर आलेल्या झाडाची असते, त्यामुळे ती पिशवीतही मोहोरते. पण कैरी दिसली म्हणजे मुळं सशक्त असं मुळीच नाही, उलट ती कैरी त्या पोरक्या मुळांची ताकद ओढत असते. असं कलम घेतलंच तर कैरी त्याच दिवशी तोडा आणि पुढची दोन-तीन वर्षं मोहोर खुडत राहा. आणि ‘बारमाही हापूस’ हे दोन शब्द एकत्र जमत नाहीत. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा फळणाऱ्या आंब्याच्या जाती खरोखर आहेत, राजस्थानातल्या कोट्याचा सदाबहार त्यातलाच. पण त्या हापूस नाहीत. हापूसला तर दरवर्षी सारखा धरायचीही सवय नाही, एक वर्ष भरपूर आणि दुसरं वर्ष थोडं हा त्याचा स्वभाव.

मुळशीच्या जागेसाठी माझं मत विचाराल तर हापूसच्या हट्टापेक्षा केसर आणि रत्ना घ्या. रत्ना हा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला आहे, हापूसला लागणारा साका, म्हणजे गरातला न पिकणारा पांढरट भाग, त्यात नसतो आणि तो बऱ्यापैकी नियमित फळतो. गच्चीवर ड्रममध्ये आंबा हवाच असेल तर दशेरी आणि नीलम यांच्या संकरातली बुटकी आम्रपाली. ही नावं टेम्पोवर सांगितली तर तो ‘आहे की’ म्हणेल, आणि नेमक्या याच कारणासाठी ती तिथून घ्यायची नाहीत.

लिंबाचं गणित निराळं आहे. कागदी लिंबाच्या एकाच बीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच पेशींतून आलेले असतात, म्हणून बियांचं रोपही बहुधा खात्रीचं निघतं. स्वस्तातलं लिंबू घ्यायला हरकत नाही. चार-पाच वर्षं थांबायची तयारी हवी, एवढंच. मोसंबी आणि संत्र्याचं तसं करू नका. ती रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून करतात आणि डोळा जमिनीपासून चांगला वीतभर उंच हवा. खाली भरलेला डोळा मातीला टेकला की डिंक्या लागतो, सालीतून डिंक गळतो आणि झाड हळूहळू जातं. लावतानाही जोड मातीखाली गाडू नका. हे सगळ्याच कलमांना लागू आहे.

पेरूचं कलम किंवा गुटी (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं रोप) घ्या. सरदार, म्हणजेच लखनौ ४९, ही जात नाव लखनौचं असूनही आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात निवडलेली आहे आणि इथल्या हवेला ती मानवते. पेरूत नावापेक्षा मोठी भीती मुळांची आहे. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत, रोपांच्या पिशव्यांतून बागाच्या बागांमध्ये पोचले आहेत. विक्रेत्याला विनंती करून एक पिशवी कापायला लावा, हवे तर त्या रोपाचे पैसे द्या. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तिथून पेरूच काय, दुसरंही काही घेऊ नका, कारण माती एकच असते. डाळिंबाचंही असंच. तेल्या हा जिवाणूजन्य रोग रोगट झाडाच्या गुटीतून थेट तुमच्या शेतात येतो, आणि एकदा आला की निघत नाही. सोनचाफा आवडत असेल तर बियांचं रोप घेऊन आठ-दहा वर्षं वाट पाहू नका. वेलणकर नावाने ओळखलं जाणारं कोकणातलं कलम पहिल्या एक-दोन वर्षांतच फुलतं आणि मोठ्या कुंडीतही राहतं.

पण ताई, ‘नर्सरी’ अशी पाटी असली म्हणजे काम झालं असं मानू नका, हे मला कळकळीने सांगायचं आहे. रस्त्याकडेच्या कित्येक नर्सऱ्या म्हणजे उतरवलेला ट्रकच असतो. तोच माल, तोच चिकण मातीचा गोळा, फक्त वर शेडनेट आणि किंमत दुप्पट. खरी सीमारेषा दुकान आणि नर्सरी यांच्यात नाही, ती रोप करणारा आणि रोप विकणारा यांच्यात आहे. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन परिसरात दोन्ही प्रकारचे लोक शेजारी शेजारी बसलेले आहेत. ओळखायचं कसं? रोप करणाऱ्याकडे खुंटांच्या ओळी दिसतात, कलम बांधायची जागा दिसते, फसलेली कलमं एका बाजूला पडलेली दिसतात. काडी कुठल्या झाडाची असं विचारलं की तो हात धरून मागच्या झाडाशी नेतो किंवा कुठल्या बागेतून आणतो ते सांगतो. विकणारा म्हणतो, “एक नंबर माल आहे.”

महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे आणि फळझाडांची कलमं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो. परवाना पाहायला मागण्यात संकोच करू नका, चांगला माणूस तो अभिमानाने दाखवतो. राष्ट्रीय बागवानी मंडळही पाहणी करून रोपवाटिकांना मानांकन देतं. शिवाय कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिका आहेत: राहुरी, दापोली, पुण्यात गणेशखिंड, आणि नारळासाठी रत्नागिरीजवळचं भाट्ये. तिथे भाव वाजवी आणि जातीची खात्री असते, पण पावसाच्या तोंडावर झुंबड उडते, म्हणून एप्रिल-मेमध्येच चौकशी करून ठेवा. पावती नेहमी घ्या आणि त्यावर जातीचं नाव लिहून घ्या.

आणखी एक सवय लावून घ्या. उंच झाडाला जास्त पैसे देऊ नका. त्याच पैशांत लहान, जाड बुंध्याचं, खालपर्यंत पानं असलेलं कलम मिळतं आणि ते उंच कलमाला दोन पावसाळ्यांत गाठतं. उंच, लुसलुशीत, गडद हिरवं रोप बहुधा सावलीत युरियावर वाढवलेलं असतं, पहिल्या कडक उन्हात ते मान टाकतं. पिशवीच्या भोकांतून जाडजूड मूळ बाहेर पडून जमिनीत गेलेलं असेल तर ते रोप उचलताना तुटणारच, ते सोडून द्या.

रोप सुपरमार्केटचं असो की विद्यापीठाचं, नवं घरी आलं की निदान दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा. पानं उलटी करून बघा, फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का पाहा. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात पहिल्यांदा नोंदला गेला आणि थोड्याच वर्षांत तो आपल्याकडच्या पपई, जास्वंद, तुतीवर पोचला. अशी कीड झाडांच्या आणि फळांच्या ने-आणीतूनच लांब जाते. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसा, मग निंबोळी अर्कात साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा. खूप असेल तर रोप परत करा.

आता तुमच्या घरी असलेल्या आंब्याबद्दल. फेकू नका. आधी बुंध्यावर मातीपासून वीतभरापर्यंत जोड शोधा: तिरकी किंवा पाचरीसारखी खूण, वरच्या आणि खालच्या सालीच्या रंगात फरक. जोड असेल तर पट्टी कापा, जोडाखालची प्रत्येक फूट काढत जा आणि झाड मुळशीच्या जागेत लावा. जात कोणती ते काही वर्षांनी कळेल, पण कलम आहे म्हणजे कुठलातरी खाण्याजोगा आंबा मिळण्याची बरीच आशा आहे.

जोड नसेल तर ते कोयीचं रोप आहे, आणि कोयीचं रोप म्हणजे फुकट मिळालेला खुंट. ते या पावसाळ्यात जमिनीत लावा, एक वर्ष मुळं धरू द्या. पुढच्या जून-जुलैत शेंड्याला तांबूस कोवळी फूट येईल आणि ती पेन्सिलीएवढी जाड असेल तेव्हा त्यावर जागेवरच मृदकाष्ठ कलम करून घ्या. काडी ज्या झाडाचा आंबा तुम्ही स्वतः खाल्ला आहे त्याची, तीन-चार महिने वयाची, डोळे फुगलेली आणि खुंटाच्या जाडीची हवी. कापण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पानं देठ ठेवून छाटून टाकायची. पाचर मारून पट्टी घट्ट बांधायची आणि वर प्लास्टिकची छोटी पिशवी टोपीसारखी घालायची, म्हणजे काडी सुकत नाही. दोन-तीन आठवड्यांत डोळे हलले की टोपी काढायची, पट्टी मात्र जोड पक्का होईपर्यंत राहू द्यायची. हे काम करणारे माळी मुळशी परिसरात मिळतात. ठरवण्याआधी त्यांना काडी कुठली आणणार ते विचारा, आणि ‘कुठलीही चालते’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. एखादं कलम लागलं नाही तरी खुंट मरत नाही. खालून पुन्हा फूट येते आणि ती तांबूस असतानाच दुसरी काडी भरता येते.